काल आले, उद्या जाणार

आमच्या चाळीला खोटं बोलता येतं. तेही साधंसुधं नाही, साग्रसंगीत. काखेत फाईल मारून कोणी परका माणूस जिन्याशी आला, की तळमजल्यावरच्या काकू वर तोंड करून ओरडतात, "अगो, कुरिअर इलो गो!" कुरिअर कोणाचंच आलेलं नसतं. मालकाचा, बिल्डरचा नाहीतर कुठल्यातरी खात्याचा माणूस माणसं मोजायला आलाय, एवढाच त्याचा अर्थ. मग दोन मिनिटांत दोरीवरचे जादा कपडे आत जातात, पोटभाडेकरू बादल्या घेऊन संडासाच्या रांगेत उभे राहतात आणि काळाचौकीतली ही तीन मजली चाळ एकदम देवळासारखी शांत होते.

करणार काय? पागडीच्या खोल्या. मालकाला न विचारता खोली दुसऱ्याला दिलीत हे सिद्ध झालं, की खोलीवर पाणी सोडायचं. एवढा कायदा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आणि पाठ कोणी करून घेतला? मी. मी चाळ कमिटीची सेक्रेटरी, आणि पोटापाण्याला बत्तीस वर्षं सरकारी ऑफिसातली क्लार्क. फाईलवाल्याला काय ऐकलं की पुढचा प्रश्न सुचत नाही, ते मला नाही कळणार तर कोणाला? म्हणून पोरांसाठी मी तीन उत्तरं तयार करून दिली होती. कोण गं तू? पाहुणी. कधी आलीस? काल. कधी जाणार? उद्या. बस्स. चौथ्या प्रश्नाला जागाच नाही.

ही तीन उत्तरं सगळ्यात झकास द्यायची ती माझ्या शेजारच्या खोलीतली पोर. खोलीचा मूळ भाडेकरू एक म्हातारा, तो कायमचा कोकणात जाऊन बसलेला. त्याने खोली गुपचूप हिच्या आईला दिली होती. आई परळच्या एका हॉस्पिटलात आयाबाई. बाप कुठे आहे ते बापालाच माहीत. आई ड्युटीवर गेली की पोर माझ्या दारात बसून अभ्यास करायची, आणि मी ऑफिसातून आले की तिची उजळणी घ्यायची. आधी सातचा पाढा, मग पाहुणी-काल-उद्या. पाढ्यात अडखळायची, पाहुणीत कधी नाही. एकदा मालकाच्या माणसासमोर तिने असं काही डोळे मोठे करून "उद्या जाणार" म्हटलं, की त्यानेच खिशातून गोळी काढून दिली. मी खूश होऊन तिला बटाटेवडा आणला होता. हे सांगताना आता मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

पोर आठ वर्षांची असताना आई कावीळ होऊन गेली. पंधरा दिवसांत खेळ खलास. गावच्या मामाला फोन केला, तो म्हणाला, "आता तुम्हीच बघा, आमचं आम्हाला झालंय." तेराव्याच्या आधीच पोर एक कपड्यांची पिशवी, आपलं ताट आणि बसायचा पाट घेऊन माझ्या खोलीत आली. कोणी कोणाला विचारलं नाही. मी लग्न केलेलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना मी काय उत्तर देते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑफिसातून वर्षभरापूर्वीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, खोलीत मी आणि एक मिक्सर. पोरीने पाट ओट्याखाली सारला आणि विचारलं, "मावशी, मी कुठल्या बाजूला झोपू?" झालं. आमच्याकडे मूल दत्तक-बित्तक जात नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं.

शाळेला मात्र हे मान्य नव्हतं. प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सही केली, तर मुख्याध्यापक बाईंनी बोलावून घेतलं. "तुम्ही हिच्या कोण?"

"शेजारी."

"शेजारी हे काही नातं नाही."

"चाळीत राहिला नाहीत वाटतं कधी," मी म्हटलं. पण बाई भल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की असं मूल परस्पर ठेवून घेता येत नाही, बाल कल्याण समितीपुढे जावं लागतं. समिती संगोपनाचा आदेश देते. आदेश असला की पोर रीतसर तुमच्याकडे राहते, तिच्या नावाने महिन्याला सरकारी अनुदानही मिळतं. नसला तर उद्या कोणीही तक्रार करेल आणि पोर बालगृहात जाईल. अनुदान ऐकून मी मान हलवली. बालगृह ऐकलं आणि तिथेच समितीचा पत्ता उतरवून घेतला. दुसऱ्याच दिवशी मी रजिस्टर्ड पोस्टासारखी तिथे हजर.

तिथे जे झालं त्याला जशास तसे म्हणतात. बत्तीस वर्षं मी लोकांना टेबलाच्या पलीकडून सांगत आले, "हा फॉर्म जुना आहे", "याची झेरॉक्स जोडा", "साहेब नाहीत, सोमवारी या". आता टेबलाच्या अलीकडे मी, आणि पलीकडे एक माझ्यासारखीच. आईचा मृत्यूचा दाखला आणा. बाप सापडत नाही याचा पुरावा आणा. अहो, जो सापडत नाही त्याचा पुरावा कुठे सापडणार? तर म्हणाली, पोलीस स्टेशनातून आणा. माझी प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला, माझ्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, माझ्या उत्पन्नाचा दाखला. माझ्याकडे मन आहे की नाही, एवढंच काय ते कोणी विचारलं नाही. त्याचा दाखला बहुतेक तहसीलदार देत नसावेत.

समितीने पोरीला तात्पुरतं माझ्याकडे ठेवलं. गृहभेट होईल, अहवाल येईल, मग पक्का आदेश. तोवर माझे हक्क कोणते, ते मी हळूहळू शिकले. पोरीच्या डोक्यातल्या उवा काढायचा मला पूर्ण हक्क. रात्र रात्र ताप मोजायचा हक्क. सहलीच्या फॉर्मवर सही करायचा नाही. टॉन्सिल काढायचे झाले तर हॉस्पिटल म्हणणार, समितीचं पत्र आणा. रेशनकार्डात नाव घालायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, नात्याच्या रकान्यात काय टाकू?" अनुदानासाठी तिच्या नावाचं खातं उघडायला बँकेत गेले, तर टाय लावलेल्या पोराने विचारलं, "नॅचरल गार्डियन कोण?"

"आई वारली. बाप पळाला."

"मग कोर्टाचं गार्डियनशिपचं लेटर लागेल. सिस्टम घेत नाही मॅडम."

सिस्टम! आमच्या वेळी निदान 'साहेब नाहीत' म्हणायची लाज तरी होती. साहेब शेजारच्या खोलीत चहा पीत असायचे. या पोराच्या साहेबाला चहासुद्धा लागत नाही. मी तीन हेलपाटे घातले. अनुदान म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण तेवढ्यावरून चाळीत कुजबुज सुरू झालीच. समोरच्या खोलीतल्या वहिनी गॅलरीत मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बरंय बाई, पेन्शनला जोड झाली." मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही घेऊन जा ना पोरीला, अनुदानासकट. उवा आणि सातचा पाढा वर फुकट." आमच्याच मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तर गणपतीत स्टेजवर माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. मी म्हटलं, सत्कार राहू दे, पोर माझ्याकडेच राहते एवढं मंडळाच्या लेटरहेडवर लिहून द्या. तर अध्यक्ष कान खाजवत म्हणाले, "लेखी नको ताई. उगाच उद्या मालकाचं काही लफडं झालं तर?" नारळ द्यायला सगळे तयार, सही द्यायला कोणी नाही.

आणि मग गृहभेट झाली. ज्या दिवशी मी बँकेत चौथा हेलपाटा घालत होते, नेमकी त्या दिवशी.

मी परत आले तेव्हा चाळीत दिवाळी होती. तळमजल्यावरच्या काकू जिन्यातच भेटल्या, तोंड नुसतं फुललेलं. "ताई, काय पळवून लावलंय म्हणतेस बाईक! परत येवची नाय!"

"कुठली बाई?"

"अगो, फाईलवाली. चष्मा होतो. तुझ्या खोलयेची चौकशी करीत होती, किती माणसां, कोण कोण. मी लगेच कुरिअर दिलंय."

मी तशीच वर गेले. समोरच्या वहिनी, ज्यांना पेन्शनची जोड खुपत होती, त्यांनी तर कमालच केली होती. "टेन्शन नको घेऊ ताई, मी सॉलिड सांगितलं तिला. ताई एकट्याच राहतात म्हटलं, कोणाला ठेवत नाहीत, एकदम सज्जन बाई!" जिच्याशी माझं उभं वाकडं, तिने आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतली, आणि ती अशी.

पोर उंबऱ्यात पाटावर बसली होती, शाबासकीची वाट बघत. मी विचारलं, "बाईंनी तुला काय विचारलं गं?"

"कोण तू, असं विचारलं."

"मग?"

"पाहुणी म्हटलं. काल आले, उद्या जाणार." आणि हात पुढे करून म्हणाली, "मावशी, वडा?"

मी तिच्यावर ओरडले नाही. कोणत्या तोंडाने ओरडणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चूक तिची नव्हती, काकूंची नव्हती, वहिनींचीही नव्हती. सगळ्यांनी माझं काम चोख केलं होतं. मी खाली गेले, वडा आणला, तिला दिला आणि मोरीत तोंड धुवायच्या निमित्ताने पोटभर रडले.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. माझी अर्धी हयात अशी पत्रं लिहिण्यात गेली, तरी वाचताना अक्षरं हलायला लागली. 'सदर बालिका अर्जदाराच्या पत्त्यावर वास्तव्यास नसल्याचे चौकशीअंती दिसून आले असून, शेजाऱ्यांनी त्यास दुजोरा दिला आहे.' सबब बालिकेस बालगृहात दाखल का करू नये, याचा खुलासा करण्यासाठी बालिकेसह हजर राहावे. त्या 'सबब'ने माझी झोप उडवली. असे किती 'सबब' मी लोकांच्या घरी पाठवले असतील, आणि त्यांच्या घरी त्या दिवशी कोणी जेवलं असेल की नाही, हा विचार बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आला.

चाळीला कळलं तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली. तारखेला काकू आणि वहिनी दोघी ठेवणीतली पातळं नेसून माझ्याबरोबर आल्या. त्यांना आत बोलावलं, तर समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अहवालात तुम्ही म्हटलंय की इथे कोणी मूल राहत नाही. आज म्हणता राहतं. आम्ही कोणतं खरं धरायचं?"

वहिनी म्हणाल्या, "आजचं."

"का?"

"कारण तेव्हा आम्हाला वाटलं तुम्ही बिल्डरच्या." अध्यक्ष बाईंच्या शेजारी ती चष्म्याची फाईलवाली मॅडम बसली होती, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग मी उठले. म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. "मॅडम, पोरीने दिलेलं उत्तर मी शिकवलंय. तिची आई पोटभाडेकरू होती. फाईल दिसली की पाहुणी सांगायचं, हे मी तिच्याकडून चार वर्षं घोकून घेतलंय."

"म्हणजे तुम्ही मुलीला खोटं बोलायला शिकवलंत?"

"हो. चाळीतल्या सगळ्याच पोरांना शिकवलं. ही सगळ्यात हुशार निघाली."

खोलीत कोणी हसलं नाही. अध्यक्ष बाईंनी काहीतरी लिहिलं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं हे उलट्या अक्षरातही मला कळलं. आम्ही क्लार्क लोक उलटं वाचण्यात पटाईत. मग त्यांनी पोरीला जवळ बोलावलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळ, तू कुठे राहतेस?"

पोर त्यांच्याकडे बघेना. ती टेबलावरच्या फाईलकडे बघत होती. केवढी ती जाडजूड फाईल, लाल नाडीची. मग तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग बाळा, खरं सांग." तिचे ओठ 'पा' म्हणायला मिटले होते, ते मला दिसलं. तिने ओठ तसेच ठेवले आणि मला हळूच विचारलं, "मावशी, कुरिअर गेला का?"

काकूच मागून म्हणाल्या, "गेलो गो बाय. गेलो तो. सांग आता."

मग ती बोलायला लागली ती थांबेना. मी मावशीकडे राहते. मावशी घोरते. माझा पाट ओट्याखाली असतो. आईची साडी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे, मावशी ती दर रविवारी उन्हात घालते. जिन्याची सहावी पायरी हलते, तिथे मी उडी मारते, पण नवीन माणूस आला की पडतो.

फाईलवाली मॅडम पहिल्यांदा बोलली. "पायरी हलते, खरंय," ती म्हणाली. "मी पडले होते." आणि तिने अध्यक्ष बाईंना सांगितलं की ती पुन्हा गृहभेट करेल, या वेळी आधी कळवून. उगाच कशाला खोटं बोलू, बाई चांगली होती. आमच्यासारख्या चाळींत अशी किती वेळा पडली असेल, देव जाणे.

दुसऱ्या भेटीत चाळीने तिला तीन घरचा चहा पाजला आणि पायरीला विटेचा टेकू दिला. महिन्याभरात आदेश हातात आला. आता सहलीचा फॉर्म, हॉस्पिटल, खातं, सगळीकडे दाखवायला एक कागद. मी तो लॅमिनेट करून घेतला; हौस म्हणा नाहीतर सवय. पोरीने तो जमिनीवर ठेवून बोट फिरवत वाचला. ती आता चौथीत होती, वाचायला पक्की.

"मावशी, 'तात्पुरते' म्हणजे?"

"म्हणजे थोड्या दिवसांसाठी. वर्षाने परत आढावा घेणार. मग परत वर्ष मिळेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"मिळेल गं."

तिने त्या शब्दावर परत बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मी पाहुणीच ना. फक्त उद्याच्या ऐवजी एक वर्षाने जाणार."

मला संताप आला. तिचा नाही, त्या कागदाचा, आणि त्याहून जास्त माझा. मी म्हटलं, "गप गं, शहाणपणा पुरे," आणि भांडी आपटत घासली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी खरोखरच बिल्डरचा माणूस आला. पुनर्विकासाची यादी करायची म्हणून दारोदार फिरत होता, काखेत फाईल, हातात पेन. काकूंनी कुरिअरची आरोळी ठोकली. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्याने खोलीचा नंबर विचारला, सांगितला. नाव विचारलं, सांगितलं. "माणसं किती?"

"एक," मी म्हटलं. "एकटीच असते मी."

जन्मभर तेच उत्तर दिलं होतं. विचार करायलाच लागला नाही, जिभेवरून आपोआप गेलं. त्याने एक लिहिलंही.

आत पाट सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, हातात लॅमिनेट केलेला कागद. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. गॅलरीतून समोरच्या वहिनी तिला हाताने खुणावत होत्या, आत जा, आत जा म्हणून. ती गेली नाही. तिने कागद त्या माणसाच्या फाईलवर ठेवला.

"दोन लिहा," ती म्हणाली. "मी इथे राहते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने एक खोडून दोन केलं आणि खोडलेल्या जागी सही मागितली. मी केली.